नव्या थेरपिस्टला काय सांगायचे आणि काय तूर्त राखून ठेवायचे

माझ्या थेरपिस्ट मॅडम गेल्या वर्षाच्या अखेरीस पुणे सोडून गेल्या. ऑनलाइन भेटी सुरू ठेवण्याचा पर्याय त्यांनी दिला होता आणि काही महिने मी तो वापरूनही पाहिला; परंतु दोन खोल्यांच्या घरात, भिंतीपलीकडे आई आणि अलीकडे अभ्यास करणारा मुलगा असताना, नेमक्या त्या दोघांविषयीच्याच गोष्टी दबक्या आवाजात लॅपटॉपला सांगणे मला जमेना. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून सेशन करणारी माणसे मला ठाऊक आहेत, पण माझ्याकडे स्कूटर आहे. शेवटी आम्ही दोघींनी विचार करून ते काम थांबवले, आणि आता येत्या गुरुवारी मी नव्या थेरपिस्टना पहिल्यांदा भेटणार आहे. त्या भेटीची जी तयारी गेले काही दिवस चालू आहे, तिच्याविषयी हे लिखाण आहे.

पहिल्यांदा मदत घ्यायला गेले होते तेव्हा कुठून सुरुवात करावी हेच कळत नव्हते, आणि समोरचा माणूस प्रश्न विचारत जाईल तसतसे बोलणे पुढे सरकत होते. या वेळची अडचण बरोबर उलटी आहे. आता मला बोलायचे कसे ते फार चांगले ठाऊक आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. एका थेरपिस्टकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाने काय तयारी करावी याविषयी मराठीत माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला धीर देणारे लेख मात्र भरपूर असतात. म्हणून जे सुचले ते नोंदवून ठेवते आहे.

माझी गोष्ट मला तोंडपाठ आहे. बाबांचे दीर्घ आजारपण, ते गेल्यानंतर माझी उडालेली झोप, पीएमपीएमएलच्या गच्च भरलेल्या बसमध्ये आलेला तो पहिला पॅनिक अटॅक, हृदयाला काही झाले असेल म्हणून केलेला ईसीजी, तो निर्दोष आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आणि मग मानसोपचारतज्ज्ञ व थेरपी. मॅडमना, डॉक्टरांना, एका जवळच्या मैत्रिणीला आणि नंतर भावाला सांगून सांगून ही गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. कुठे थांबायचे, कुठे स्वतःवरच एक विनोद करून ऐकणाऱ्याला मोकळे करायचे, कोणत्या वाक्यावर समोरच्याची मान सहानुभूतीने हलते, हे सगळे मला माहीत आहे. ती सांगताना आता मला फारसे काही होत नाही. नव्या थेरपिस्टपुढे ही गोष्ट मी सफाईने सादर केली तर त्यांना माझी हकिगत कळेल, मी सुसंगत बोलणारी बाई आहे असेही वाटेल, परंतु आज माझे काय बिघडले आहे ते त्यांना कळण्याचा फारसा संभव नाही.

शिवाय त्या गोष्टीत घटनांबरोबर त्यांचे अर्थही गुंफलेले आहेत, आणि ते अर्थ माझ्या एकटीचे नाहीत. मॅडमच्या कामाचा मुख्य पाया आरईबीटी हा होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास मांडलेली ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगलीच रुजलेली आहे, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या व मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखन-व्याख्यानांतून ती दवाखान्याबाहेरच्या लोकांपर्यंतही पोहोचली आहे. तिचे सूत्र असे, की घटनेमुळे थेट त्रास होत नसून घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला एखादा आग्रही विश्वास उभा असतो आणि तो तपासता येतो, बदलता येतो. मला या पद्धतीचा मनापासून उपयोग झाला. बसमध्ये चढण्याची भीती गेली ती त्यामुळेच. पण त्याचा एक परिणाम असाही झाला, की कोणतीही घटना सांगताना मी तिच्यामागचा ‘अविवेकी आग्रह’ स्वतःच शोधून, नाव देऊन, तयार करून पुढे ठेवते. नव्या थेरपिस्टच्या कामाची पद्धत वेगळी आहे असे त्यांनी फोनवर सांगितले होते. त्यांच्या हातात मी आधीच सोडवलेले गणित दिले, तर त्या बिचाऱ्यांनी काय करायचे?

म्हणून एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन भाग केले. डाव्या बाजूला काय घडते तेवढेच लिहायचे, आणि उजव्या बाजूला त्याचा अर्थ आम्ही काय लावला होता ते. एक नोंद उदाहरणादाखल देते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि दुपारी आईचा फोन येतो. बहुधा गोळ्यांच्या डब्याविषयी, कधी कामवाल्या मावशी लवकर गेल्याविषयी. उजव्या बाजूला माझ्याकडे वाक्य तयार होते, की ‘मी चांगली मुलगी असलेच पाहिजे’ या आग्रहामुळे मला तिला नाही म्हणता येत नाही आणि मग चिडचिड होते. डाव्या बाजूला लिहायला बसले तेव्हा मात्र बराच वेळ काही सुचेना. मग लिहिले, की फोनवर तिचे नाव दिसले की माझे खांदे वर चढतात, फोन उचलण्याआधी मी उठून पाणी पिते, बोलणे संपल्यावर समोरच्या विद्यार्थ्याला विनाकारण तोडून बोलते, आणि ज्या दिवशी फोन येत नाही त्या दिवशी मी स्वतःहून करते. हे शेवटचे वाक्य माझ्या तोंडपाठ गोष्टीत कुठेच नव्हते. गुरुवारी मी डावी बाजू घेऊन जाणार आहे. उजवी बाजू टाकाऊ आहे असे मुळीच नाही. त्यांनी विचारले तर सांगेन, पण आपणहून आधी वाढणार नाही.

दुसरा प्रश्न, जो मला वाटले होते त्याहून अवघड निघाला, तो म्हणजे या वेळी मी कशासाठी जाते आहे. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली थेरपीतील नात्याची एक मांडणी केली होती, आणि ती आजही या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. त्याच्या मते मदत घेणारा आणि देणारा यांच्यातील सहकार्याला तीन अंगे असतात: कुठे पोहोचायचे याविषयी एकमत, तिथे पोहोचण्यासाठी दोघांनी काय करायचे याविषयी एकमत, आणि हे सारे पेलू शकेल असा परस्परविश्वास. तिसरे अंग पहिल्या भेटीत तयार होत नाही. ते वेळेनेच येते. दुसरे बहुतांशी थेरपिस्टच्या पद्धतीवर अवलंबून असते. पहिल्या अंगाची तयारी मात्र घरी बसून करता येते, आणि आपण बहुतेकजण नेमकी तीच करत नाही. ‘मला शांत व्हायचे आहे’, ‘मला पूर्वीसारखे व्हायचे आहे’ अशी वाक्ये खरी असतात, पण त्यांच्यावरून कामाला कुठे हात घालायचा ते समजत नाही, आणि ते साधले की नाही हेही कधी ठरवता येत नाही.

माझी जुनी तक्रार, पॅनिक अटॅकची, आता जवळजवळ उरलेली नाही. तरीही नव्या थेरपिस्टला सांगण्याच्या कल्पनेने मनात पहिले वाक्य तेच उमटले, कारण ते सांगायला सोपे आहे आणि ऐकणाऱ्याला ते लगेच आजारासारखे वाटते. आजचे प्रश्न त्यापेक्षा कमी ठसठशीत आहेत. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. मुलावर आवाज चढतो. आईला आमच्याकडेच ठेवायचे की काही महिने भावाकडे पाठवायचे हा निर्णय दर रविवारी घेतला जातो आणि दर सोमवारी मोडतो. या तिन्हीपैकी कशावर काम करायचे ते मी असे ठरवले: काही महिन्यांनी माझ्या आयुष्यात काय वेगळे दिसले तर हे पैसे आणि हा वेळ सार्थकी लागला असे मी म्हणेन? उत्तर आले, की आईविषयीचा निर्णय, तो कोणताही असो, घेतल्यानंतर टिकला पाहिजे. झोप आणि चिडचिड त्याच्या मागोमाग येतात की स्वतंत्र आहेत, ते त्यांनी पाहावे.

इथपर्यंत ‘कमी सांगा’ असा सूर लागला असेल, तर तो आता बदलला पाहिजे, कारण काही गोष्टी अशा आहेत की त्या पहिल्याच भेटीत, विचारले नाही तरी, सांगितल्या पाहिजेत. चालू असलेली आणि पूर्वी घेतलेली औषधे त्यांत सर्वांत आधी येतात. मानसोपचारतज्ज्ञांनी मला एस्सिटालोप्राम हे चिंता व नैराश्यावरचे औषध दिले होते आणि पुढे त्यांच्याच देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करून ते बंद झाले. त्याची मात्रा, काळ आणि बंद केल्यावर काय झाले हे एका कागदावर लिहून ठेवले आहे. नवा थेरपिस्ट भेटला, आता बरे वाटते आहे, म्हणून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारी माणसे पाहण्यात आहेत. या गटातली औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना, झोपमोड असे त्रास होऊ शकतात, आणि मग तो औषध सोडल्याचा परिणाम की मूळ आजार परतला हे ठरवणे अवघड होऊन बसते.

शरीराची हकिगतही तितकीच महत्त्वाची आहे. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, यांमुळे थकवा, उदासपणा, लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसू शकतात, आणि ती नैराश्याशी इतकी जुळतात की तपासणीशिवाय फरक कळत नाही. माझ्या वयाच्या बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षे हाही मुद्दा असतो. त्या काळात पहाटेची जाग आणि चिडचिड या दोन्ही तक्रारी अगदी नेहमीच्या आहेत. एखाद्या थेरपिस्टने याची चौकशी केली नाही तर आपण आठवण करून द्यावी. मी रक्ताच्या ताज्या तपासण्या करून घेतल्या आहेत आणि त्यांचे अहवाल मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. झोपेची नोंदही करते आहे: किती वाजता दिवा मालवला, किती वाजता जाग आली, चहा केव्हा घेतला. संध्याकाळी सहानंतरचा चहा माझ्या नोंदींत फारच वेळा दिसतो, हे थेरपिस्टकडे जाण्याआधीच समजले. हा फुकटचा लाभ.

आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणे, दारू किंवा अन्य नशेचे प्रमाण यांविषयी लोक हमखास गप्प बसतात. ‘हे सांगितले तर पोलिसांना कळवतील’ किंवा ‘उचलून भरती करतील’ ही भीती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. मनात येणारा विचार सांगणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली आणि तिची काळजी घेण्याची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारे, जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ सारखे कलम राहिलेले नाही. थेरपिस्ट असे विचार ऐकल्यावर बहुधा अधिक प्रश्न विचारतात, विचार किती वेळा येतात, काही योजना आहे का, घरात कोण असते, आणि त्यावरून पुढचे ठरवतात. आणि ज्याला भेटीच्या तारखेपर्यंत थांबणे कठीण वाटते त्याने थांबूच नये: केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, ती चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

अनेक दवाखान्यांत आत जाण्याआधी एक प्रश्नावली हातात देतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिल्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे कमाल सत्तावीस. दुसरीत सात प्रश्न आणि कमाल एकवीस. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते, हे लक्षात ठेवावे, कारण भेटीच्या दिवशी माणूस एकतर आशेने तरतरीत असतो किंवा घाबरलेला, आणि तो त्या दिवसाचाच मूड कागदावर उतरवतो. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या अथवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि स्वागतकक्षात शेजारी अनोळखी माणूस बसलेला असताना तिथे खरी खूण करायला हात धजत नाही. तसे वाटले तर तो प्रश्न मोकळा सोडून आत गेल्यावर तोंडी सांगावा. या प्रश्नावल्यांवरून अंदाज येतो. निदान त्यांवरून होत नाही, त्यामुळे घरी इंटरनेटवर भरून, गुण मोजून, स्वतःला नाव चिकटवून जाण्यात अर्थ नाही.

आता राखून ठेवण्याविषयी. माझ्या आयुष्यातली एक गोष्ट मी मॅडमना बऱ्याच उशिरा सांगितली होती, आणि तोवर आमच्यात जे काम झाले ते तिच्याशिवायही व्यर्थ गेले नव्हते. नव्या थेरपिस्टला ती गुरुवारी सांगणार नाही. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि तिचा मोठा भाग माहिती विचारण्यात जातो. अशा वेळी सर्वांत जड गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर पडली तर ती उघडी टाकून तसेच लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत शिरावे लागते. त्यासाठी एक वाक्य ठरवून ठेवले आहे: ‘आणखी एक विषय आहे, तो महत्त्वाचा आहे, पण आज मला तो उघडायचा नाही.’ एवढे सांगणे लपवणे होत नाही, आणि हे वाक्य ऐकल्यावर समोरची व्यक्ती काय करते यावरून तिच्याविषयी पुष्कळ कळते.

मॅडमनी जाताना माझ्या कामाचा दोन पानी सारांश लिहून देण्याची तयारी दाखवली होती आणि मी तो घेतला आहे. तो नव्या थेरपिस्टना केव्हा द्यावा यावर माझे नि मैत्रिणीचे एकमत नाही. ती म्हणते, तपासणीचे कागद पहिल्या दिवशीच देतात, तसे द्यावे. माझे मत असे, की औषधे आणि धोक्याची माहिती लगेच द्यावी, पण सारांश दोन-तीन भेटींनंतर द्यावा, म्हणजे त्यांनी मला आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल. ज्यांना गंभीर आजार होऊन गेला आहे, रुग्णालयात राहावे लागले आहे किंवा ज्यांची औषधे अजून बदलत आहेत, त्यांनी मात्र माझे ऐकू नये. त्यांच्या बाबतीत जुनी कागदपत्रे आधीच पोहोचणे सुरक्षित आहे.

कोणाकडे जातो आहोत हे तपासणे हाही तयारीचाच भाग आहे, आणि आपल्याकडे त्याबाबतीत बराच गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे शिक्षण आणि नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेच्या अखत्यारीत येते, जिचा कायदा १९९२ चा आहे. परिषदेची नोंदवही ऑनलाइन पाहता येते आणि नोंदणी क्रमांक मागण्यात उद्धटपणा काहीच नाही. समुपदेशक, काउन्सेलर, थेरपिस्ट हे शब्द मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही वापरते आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेली व्यक्तीही. म्हणून शिक्षण कुठे झाले, देखरेखीखाली किती काम केले, आताही एखाद्या ज्येष्ठाशी सल्लामसलत करता का, असे मी फोनवरच विचारले. उत्तरे सरळ मिळाली, त्रासिक सूर नव्हता. शिक्षणाइतकेच मला ते मोलाचे वाटले.

गोपनीयतेचा मुद्दाही या फरकाशी जोडलेला आहे. २०१७ च्या अधिनियमाचे कलम २३ मानसिक आजारी व्यक्तीला तिची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देते, आणि कलम २५ तिला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क देते. जीविताला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे काही अपवाद त्यात आहेत. आणि लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक असते. परंतु या अधिनियमातील ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ही व्याख्या मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका व सामाजिक कार्यकर्ते अशांभोवती फिरते; केवळ समुपदेशक म्हणून काम करणारी व्यक्ती त्यात बसेलच असे नाही. तिच्यावर व्यवसायाच्या नीतीचे बंधन असते, म्हणून गोपनीयतेच्या अटी लेखी संमतिपत्रात आहेत का ते पाहावे आणि सही करण्याआधी ते पत्र वाचावे. आपण बँकेत कर्जाचे कागद जसे न वाचता सही करतो तसे इथे करू नये.

पुण्यासारख्या शहरात एक जास्तीची चौकशी लागते. कोण कुणाची मावसबहीण निघेल ते सांगता येत नाही. माझ्या महाविद्यालयातले दोन सहकारी या भागातल्याच थेरपिस्टकडे जातात, आणि नव्या थेरपिस्टच्या ओळखीत आमच्यापैकी कोण आहे हे मी आधीच विचारले. कुणाचेही नाव न घेता त्यांनी एवढेच सांगितले, की अशी ओळख निघाली तर त्या मला सांगतील आणि मग पुढे काम करायचे की नाही ते दोघींनी ठरवू. रस्त्यात किंवा लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची की नाही, हेही ठरवून घेणार आहे. आंतरजातीय लग्न, समलैंगिकता, घटस्फोट, मूल न होऊ देण्याचा निर्णय असे विषय ज्यांच्या बोलण्यात येणार आहेत, त्यांनीही ही चाचपणी भेटीआधी फोनवर करावी. अधिनियमाच्या कलम १८ मध्ये जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांवरून भेदभाव न करता सेवा मिळण्याचा हक्क नमूद आहे, पण खोलीत बसल्यावर समोरच्याच्या कपाळावर उमटलेल्या आठीपुढे कलम काय करणार?

पैशांचे लवकर उरकते. फी किती, आयत्या वेळी भेट रद्द केली तर ती भरावी लागते का, मध्येच व्हॉट्सअॅपवर संपर्क केलेला चालतो का, हे विचारून घ्यावे. याच अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच आधारावर संरक्षण द्यायचे आहे, पण आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येतो. दर आठवड्याची थेरपी बहुतेकांना खिशातूनच करावी लागते. मी पंधरा दिवसांतून एकदा जाण्याविषयी विचारणार आहे, कारण महिन्याचे गणित तेवढेच जुळते, आणि हे संकोचाने तीन महिन्यांनी सांगण्यापेक्षा पहिल्या दिवशी सांगितलेले बरे.

नोंदणीच्या अर्जात तातडीच्या संपर्कासाठी एक नाव विचारतात. आपण सवयीने नवऱ्याचे किंवा भावाचे लिहितो. मी एकटी मुलाला वाढवते आणि भाऊ हा माझ्या प्रश्नाचाच एक भाग आहे, त्यामुळे मैत्रिणीचे नाव द्यायचे ठरवले आणि आधी तिला विचारले; कोणत्या परिस्थितीत तिला फोन येऊ शकतो आणि तिला काय सांगितले जाईल हेही तिला समजावले. आईला मी कुठे जाते ते सांगितलेले नाही. ‘गुरुवारी उशीर होईल’ एवढेच सांगितले आहे, आणि तिने गोळ्यांचा डबा कोण भरणार असे विचारले आहे.

पहिल्या भेटीनंतर लगेच निकाल द्यायचा नाही असे ठरवले आहे. नवी व्यक्ती मॅडमसारखी बोलणार नाही, मॅडम जिथे हसल्या असत्या तिथे हसणार नाही, आणि पहिल्या तासात ही तुलना चालूच राहील. काही भेटी गेल्यावरही जुळत नसेल तर तसे त्यांना सांगेन. न सांगता गायब होण्यापेक्षा ते सांगण्यातून एकतर काही सुधारते किंवा त्या दुसरे नाव सुचवतात. काही गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी पुरेशा ठरतील. ‘आईची सेवा केलीत की मन आपोआप शांत होईल’ असा उपदेश, अमुक भेटींत पूर्ण बरे करण्याची हमी, किंवा दुसऱ्या एखाद्या क्लायंटची ओळखू येईल अशी हकिगत उदाहरण म्हणून सांगणे, यांपैकी काही घडले तर फी भरून मी निघेन आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन करेन. ती यादी फाडलेली नाही.